बोगद्याच्या अलीकडचा निर्णय

खानदेशातून मुंबईस जावयाचे म्हणजे सातपुडा आणि सातमाळा यांच्यामधील या उघड्या मुलखातून निघून अखेरीस सह्याद्री कोठे तरी उतरावयाचा, ही गोष्ट आग्रा रोडवरून बैलगाड्या जात असत त्या काळापासून आजतागायत बदललेली नाही; बदलले आहे ते एवढेच की, ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा वाहतुकीस खुला झाल्यापासून धुळ्या-जळगावच्या प्रवाशापुढे इगतपुरीजवळ दोन वाटा उभ्या राहू लागल्या आहेत. एक कसारा घाटाची, पूर्वापार, वळणावळणांची. आणि दुसरी पथकर भरून डोंगराच्या पोटातून, सुमारे ७.८ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यातून, एरवी पंचवीस-तीस मिनिटे घेणारा घाट आठ-दहा मिनिटांत ओलांडून देणारी. यांपैकी कोणती धरावी हा प्रश्न सहलीस निघालेल्या माणसास किरकोळ वाटेल. परंतु रावेर-यावलची केळी भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रकवाल्यास, किंवा मध्यरात्री पारोळ्याहून निघून सकाळी ठरलेल्या वेळी परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचावयाचे आहे अशा कुटुंबास, तो मुळीच किरकोळ नाही.

बोगद्याचा स्वभाव इतर रस्त्यांहून वेगळा आहे, आणि तो नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील सारे विवेचन व्यर्थ आहे. सडकेवर वाहतूक तुंबली तर गाडीवाल्याला आडगावाच्या रस्त्याला वळता येते, घाटात तुंबली तर निदान गाडी कडेला घेऊन खाली उतरता येते. बोगद्यात यांपैकी काहीच करता येत नाही. नाक्यावर पथकर कापला गेला आणि गाडी तोंडातून आत शिरली की प्रवाशाच्या हाती निर्णय म्हणून उरत नाही. जो काही विचार करावयाचा तो शेवटचा फाटा मागे पडण्यापूर्वीच केला पाहिजे, आणि विचार करण्यास पुढची स्थिती दिसली पाहिजे. रस्त्याचे थेट चित्रण करणारे कॅमेरे प्रवाशाच्या उपयोगी पडतात ते नेमके या ठिकाणी.

ही अडचण भोगणाऱ्यांत नदीखालच्या बोगद्यांतून जाणारे लोकही आहेत. टेम्स नदीखाली मार्क ब्रुनेल याने अपार कष्टांनी पुरा केलेला बोगदा २५ मार्च १८४३ रोजी लंडनमध्ये खुला झाला, तेव्हा तो पायी जाणाऱ्यांपुरताच होता आणि प्रत्येक माणसाकडून एक पेनी कर घेतला जाई. म्हणजे नदीखालचा बोगदा आणि नाक्यावरची वसुली यांचे नाते प्रारंभापासूनचे आहे. जहाजांची ये-जा असलेल्या नदीवर सखल पूल बांधता येत नाही, म्हणून असे बोगदे खणले गेले. आपल्या तापीवरून गलबते जात नाहीत, त्यामुळे सावळद्याला काय किंवा विदगावला काय, पुलावर आपले काम भागले. कोलकात्यात हुगळीखालून मार्च २०२४ पासून मेट्रो धावू लागली, पण ती रेल्वे. तेथे वाट निवडण्याचा प्रश्न प्रवाशापुढे येत नाही.

मोटारींसाठी नदीखालून नेलेल्या बोगद्याचा नमुना म्हणून न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील हॉलंड बोगद्याकडे पाहावे. त्याचा मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड काम तडीस जाण्यापूर्वीच १९२४ साली निवर्तला, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी वाहतूक सुरू झाली तेव्हा मोटारींच्या धुराने माणसे गुदमरू नयेत म्हणून ८४ प्रचंड पंखे दीड-दीड मिनिटाला आतली हवा पालटीत होते. आज या बोगद्याच्या न्यू जर्सीकडील तीरावर अनेक मराठी कुटुंबे राहतात. पथकर केवळ न्यूयॉर्ककडे जाताना घेतला जातो, गर्दीच्या वेळी त्याचा दर चढा असतो, आणि शिवाय ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरण्याचे वेगळे शुल्क आहे. तेव्हा घरातून निघताना न्यू जर्सी राज्याच्या वाहतूक खात्याने सर्वांस खुल्या ठेवलेल्या रस्त्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रे पाहून घेणे तेथील प्रवाशाला सहज शक्य असते. त्यासाठी ओळख लागत नाही की अर्ज लागत नाही.

आता हे कॅमेरे करतात काय, ते पाहू. बोगद्यातील कॅमेरे मुळात प्रवाशासाठी बसविलेले नसतात. ते नियंत्रण कक्षासाठी असतात. ठराविक अंतरावर बसविलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र संगणक अखंड तपाशीत असतो, आणि एखादी गाडी थांबली, कोणी उलट दिशेने आला, कोणी पायी चालू लागला किंवा धूर दिसला की तो कक्षातील माणसास इशारा देतो. मग तो माणूस चित्र पाहून खातरजमा करतो, मार्गिकेवर लाल फुली लावतो, आणि प्रसंग बिकट असल्यास बोगद्याचे तोंडच बंद करतो. यांतील शेवटची कृती किती महत्त्वाची आहे हे फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या मों ब्लाँ बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी जगाने पाहिले. पीठ आणि मार्गारिन घेऊन जाणाऱ्या एका मालट्रकला आत आग लागली, तरी त्याच्या मागून काही काळ गाड्या शिरतच राहिल्या, आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. तो बोगदा तीन वर्षे बंद होता. इगतपुरीच्या बोगद्यात आग विझविण्यासाठी उच्च दाबाने पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा आहे, ती अशा अनुभवांनंतरच्या काळाची देणगी होय.

परंतु नियंत्रण कक्षाला जे दिसते ते निफाड-नाशिककडून येणाऱ्या प्रवाशाला दिसत नाही. त्याच्या हाती असतो मोबाईलमधील नकाशा, आणि त्यावरील लाल-हिरव्या रेघा. या रेघा कॅमेऱ्यांवरून काढलेल्या नसतात, तर रस्त्यावरील असंख्य लोकांच्या खिशातील मोबाईल किती वेगाने पुढे सरकत आहेत यावरून काढलेल्या असतात. त्यामुळे वाहतूक मंद आहे एवढे त्यांवरून कळते, ती का मंद आहे हे बहुधा कळत नाही. पाच मिनिटांत सुटणारी नाक्यावरची रांग आणि दोन तास न हलणारा उलटलेला कंटेनर या दोहोंची रेघ लालच असते. चित्र पाहिले की हा भेद एका क्षणात स्पष्ट होतो.

अर्थात चित्र पाहणे आणि चित्र वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. सर्वप्रथम चित्राच्या कोपऱ्यातील वेळ पाहावी, कारण पावसाळ्यात तार तुटली की जुनेच चित्र तासन्‌तास तसेच राहते. मग रात्रीच्या चित्रात पांढरे दिवे आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांचे आणि तांबडे दिवे पुढे जाणाऱ्यांचे, हे लक्षात घेऊन आपल्या बाजूचे तांबडे दिवे हलतात की स्थिर आहेत ते पाहावे. नाक्याच्या चित्रात एकेका मार्गिकेतील गाड्या मोजाव्यात: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ साली घालून दिलेल्या दंडकात गर्दीच्या वेळीही एका गाडीस दहा सेकंदांहून अधिक लागू नयेत असे होते, म्हणजे मिनिटास सहा गाड्या सुटाव्यात, आणि तीस गाड्यांची रांग असली तरी ती पाच मिनिटांची. आणि ज्याने नवखा माणूस हमखास फसतो ते म्हणजे रिकामा रस्ता. बोगद्याच्या तोंडाशी एकही गाडी दिसत नाही, याचा अर्थ वाट मोकळी आहे असा होतो, तसाच अलीकडे कोठे तरी वाहतूक अडविली आहे असाही होऊ शकतो. म्हणून एका कॅमेऱ्यावर न विसंबता त्याच्या अलीकडचा कॅमेरा पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

शिवाय काळाचे भान हवे. धुळे ते इगतपुरी अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. धुळ्याला चहा घेताना पाहिलेले चित्र तेथे पोहोचेपर्यंत तीन-साडेतीन तासांचे शिळे झालेले असते. खरा उपयोग नाशिक ओलांडल्यानंतर, घोटीच्या अलीकडे गाडी थांबवून पाहिलेल्या चित्राचा; आणि तेही चालविणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने पाहावे. येथे पैशाचाही हिशेब येतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी, सुरुवातीस तीन हजार रुपये किमतीचा, निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास दोनशे फेऱ्यांपुरता राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर चालतो. समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा असल्यामुळे तेथे तो चालत नाही, आणि पथकर वेगळा द्यावा लागतो. तो देऊन किती मिनिटे वाचतील हे घाटाच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असते, आणि ती स्थिती ज्याला दिसत नाही तो मनुष्य पैसे अंदाजाने देतो.

ही सर्व माहिती शासनाच्या दप्तरी नाही असेही नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशातील सुमारे शंभर नाक्यांवर रांगेची लांबी, थांबण्याचा वेळ आणि गाड्यांचा वेग यांवर संगणकीय नकाशाद्वारे तत्क्षणी देखरेख ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. रांग वाढली की इशारा जातो तो अधिकाऱ्यांना. त्यांना तो मिळालाच पाहिजे. परंतु रांगेत ज्याला उभे राहावे लागते, आणि ज्याच्या पथकरातून या सर्व यंत्रणेचा खर्च भागतो, त्यास ती रांग आधी दिसू नये याचे सयुक्तिक कारण मला सापडत नाही. लोकांच्या गाड्यांचे क्रमांक उघडे पडतील ही शंका रास्त आहे. तथापि लंडनमध्ये रस्त्यांवरील कॅमेऱ्यांचे काही सेकंदांचे चित्रण थोड्याथोड्या वेळाने सर्वांस पाहावयास मिळते, आणि वाहतूक दाखविण्यापुरते चित्र धूसर ठेवणे अवघड नाही. दंड करणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र निराळे, रस्ता दाखविणाऱ्याचे निराळे.

जळगाव जिल्ह्याला या प्रश्नाची झळ दुसऱ्या दिशेने अधिक लागते. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, ज्याला १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव आहे, तो धुळे-सोलापूर महामार्गाचा दुवा आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर नदीचे पाणी शिरले, त्याच पावसात या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या हुकुमाने अवजड वाहनांना घाटात मनाई झाली, आणि मालट्रकांना नांदगाव, तळवाडे, शिऊर बंगला असा वळसा पडू लागला. हलक्या गाड्यांना घाट खुला राहिला, परंतु धुके, दरड, बंद पडलेली बस यांची वार्ता चाळीसगावच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला आजही समोरून आलेल्या गाडीवाल्याकडूनच कळते. घाटाच्या पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर मिळून तीन-चार कॅमेरे बसवून त्यांची चित्रे खुली करण्यास बोगद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेथे बोगदा व्हावा ही मागणी आणि त्याचे प्रस्ताव कित्येक वर्षांपासून चालू आहेत. तो जेव्हा होईल तेव्हा त्यावर पथकर बसेल हे गृहीत धरून चालावे. म्हणूनच आराखडा कागदावर आहे तोवर लोकप्रतिनिधींनी, व्यापारी मंडळांनी आणि ट्रकमालकांनी एक कलम आग्रहाने मागून घ्यावे की, बोगद्याच्या दोन्ही तोंडांची आणि नाक्यांची थेट चित्रे जनतेस विनामूल्य पाहता येतील, आणि चाळीसगावच्या तसेच कन्नडच्या शेवटच्या फाट्यापूर्वी, वळण्यास जागा आहे तेथेच, बोगद्याची स्थिती मराठीत सांगणारा फलक उभारला जाईल. निविदेत नसलेले काम ठेकेदाराकडून मागाहून करून घेता येत नाही, हे आपल्याकडील प्रत्येक ग्रामपंचायत जाणते.