आठ जणांची धाव, एकच पडदा

गिरगावातील वाड्यांच्या लाकडी गॅलऱ्या आणि परळ-लालबागच्या चाळींतील लांब व्हरांडे म्हणजे मुंबईतील कित्येक पिढ्यांची पहिली धावपट्टी. पकडापकडी, लंगडी हे खेळ तेथे रंगले, कारण त्यांना जागा थोडी आणि सवंगडी पुष्कळ लागत. संगणक व मोबाइलवरील खेळांत बहुधा याउलट चित्र दिसते. प्रत्येक मूल आपापल्या पडद्यात गुंतलेले. गुरुत्वाकर्षण उलटे करीत धावण्याचे खेळ मात्र याला अपवाद ठरतात.

या खेळांचा नियम एका वाक्यात सांगता येतो. खेळाडू आपोआप धावत राहतो. कळ दाबली की तो जमिनीवरून छताला जाऊन चिकटतो आणि उलटा धावू लागतो. पुन्हा दाबली की खाली. पाय टेकलेले असतानाच ही उलटापालट करता येते. अधांतरी असताना पश्चात्तापाला वाव नाही. वाटेत खड्डा चुकला किंवा अडथळ्याला अडकून पडद्यामागे पडला, की तो बाद.

ही कल्पना जुनी आहे. १९९१ च्या सुमारास 'मेटल स्टॉर्म' या जपानी खेळात ती दिसली. २००९ मधील 'कॅनाबॉल्ट'ने एका बटणावर चालणारी अखंड धाव लोकप्रिय केली, तर २०१० मध्ये 'ग्रॅव्हिटी गाय'ने धाव आणि उलटे गुरुत्वाकर्षण यांची सांगड घातली. वास्को फ्रेइतास यांच्या 'जी-स्विच ३' मध्ये तर एकाच पडद्यावर आठ जण खेळू शकतात.

दिसायला सोपा असलेला हा खेळ अवघड का जातो, हे चाळीच्याच मापाने समजून घेता येईल. व्हरांड्याचे छत ३ मीटर उंच धरले आणि खेळाडूची उंची हिशेबात घेतली नाही, तर खऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या वेगाने छतापर्यंत 'पडायला' सुमारे ०.७८ सेकंद लागतात. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणारा तेवढ्यात जवळजवळ ८ मीटर पुढे जातो. डोळ्यांना दिसलेले बोटापर्यंत पोहोचण्यास साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे आणखी अडीच मीटर. एकेक खोली ३ मीटर रुंद मानली, तर खड्डा तीन दारांपलीकडे असतानाच निर्णय व्हायला हवा. म्हणूनच नवखा खेळाडू आपल्या पायांकडे बघतो आणि बाद होतो; मुरलेला पडद्याच्या पुढच्या कडेकडे बघतो.

मित्रांसह खेळण्याची गंमत एका बटणातच दडलेली आहे. प्रत्येकाला एकच कळ पुरते, त्यामुळे एका कीबोर्डभोवती अख्खी टोळी बसू शकते. वाट सर्वांची एकच असल्याने पडद्याचे तुकडे करावे लागत नाहीत. पुढच्याची चूक मागच्याला सावध करते आणि बाद झालेला उरलेल्यांना ओरडून सल्ला देऊ लागतो. फार सराव लागत नसल्याने आजोबाही नातवाशेजारी बसू शकतात. एक सावधगिरी मात्र हवी: स्वस्त कीबोर्डवर अनेक कळा एकदम दाबल्यास काहींची नोंदच होत नाही, आणि मग 'मी दाबले होते' या वादाला तोंड फुटते.

हे सोबत बसणे आज मोलाचे वाटावे, असे शहर बदलत आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील शंभर वर्षे जुन्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असून, १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. ही सोय हक्काची आहे आणि फार उशिरा आलेली आहे. पण सदैव उघडी दारे आणि सामाईक व्हरांडा नव्या घराबरोबर येत नाहीत. शेजारच्या मुलांना आता मुद्दाम बोलावावे लागेल. त्यासाठी निमित्त हवे असेल, तर प्रत्येकाच्या हाती वेगळा मोबाइल देण्यापेक्षा एक पडदा आणि आठ कळा पुरेशा आहेत.