बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेत नेमके किती 'पुरोगामी'?

अमेरिकेच्या संसदेतून श्री ठाणेदार यांचे नाव आले की बेळगाव, चिकोडीकडे लगेच बातमी होते आणि ती बहुतेक वेळा 'सीमाभागाचा सुपुत्र' एवढ्यावरच संपते. ते ज्या डेट्रॉईट शहराचे प्रतिनिधी आहेत तिथे मात्र चर्चा वेगळीच चालते. हा माणूस खरोखर पुरोगामी आहे की वाऱ्याची दिशा पाहून चालणारा, यावर तिथे त्यांच्याच पक्षात भांडण आहे.

ठाणेदारांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ चा, चिकोडीचा. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. घर मराठी, पैशाची कायम ओढाताण. वडील निवृत्त झाल्यावर चौदाव्या वर्षापासून मिळेल ते काम करून त्यांनी घराला हातभार लावला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून अठराव्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी, मग मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण आणि १९७९ मध्ये अमेरिका. तिथे ॲक्रन विद्यापीठातून पॉलिमर रसायनशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र इकडे अनेकांनी वाचलेले आहे, त्यामुळे या भागाबद्दल फार सांगायला नको.

पुस्तकानंतरची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेंट लुईसमधली केमिर नावाची छोटी प्रयोगशाळा त्यांनी ७५ हजार डॉलरना विकत घेतली आणि वाढवत नेली. पुढे कर्ज काढून उद्योगाचा पसारा मांडला, २००८ ची मंदी आली आणि २०१० मध्ये बँकेने सगळे ताब्यात घेतले. त्यांच्या समूहातली न्यू जर्सीतली प्राण्यांवरच्या चाचण्यांची प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा आत शंभराहून जास्त कुत्री आणि काही माकडे अडकली होती. प्राणिमित्र संस्थांनी त्यांची सुटका केली. कारभार तेव्हा बँकेच्या हाती होता, आपल्या नव्हे, असे ठाणेदारांचे म्हणणे. पण प्रत्येक निवडणुकीत विरोधक हे प्रकरण पुन्हा उकरून काढतात.

त्यानंतर मिशिगनमध्ये ॲन आर्बर इथे त्यांनी ॲव्होमीन ही नवी प्रयोगशाळा उभी केली. २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला, तेव्हा कर्मचाऱ्यांना १५ लाख डॉलर बोनस वाटला. उरलेल्या पैशाच्या जोरावर ते राजकारणात उतरले.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा. आपल्याकडे पुरोगामी म्हटले की फुले, शाहू, आंबेडकर आणि जातीचा प्रश्न आठवतो. अमेरिकेत 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द बराचसा पैशाशी बांधलेला आहे: सर्वांना सरकारी आरोग्य विमा, तासाला किमान १५ डॉलर मजुरी, श्रीमंतांवर जास्त कर. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी ठाणेदार याच मुद्द्यांवर उभे राहिले. खिशातले सुमारे १ कोटी डॉलर घातले, जाहिरातींचा पाऊस पाडला आणि तिसरे आले. कोट्यधीशाने समाजवादाची भाषा बोलावी हे अनेकांना रुचले नाही. त्यांनी पूर्वी रिपब्लिकन नेत्याला देणगी दिल्याचेही तेव्हाच बाहेर आले.

माणूस चिवट निघाला. डेट्रॉईटमध्ये मुक्काम हलवून २०२० मध्ये ते मिशिगनच्या विधानसभेत निवडून आले आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात.

ते कसे जमले? आपल्याकडे तिकीट हायकमांड वाटते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवारसुद्धा मतदारच निवडतात, त्या निवडणुकीला 'प्रायमरी' म्हणतात. डेट्रॉईटचा १३ वा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, म्हणजे प्रायमरी जिंकली की झालेच. तिथे नऊ जण रिंगणात होते, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. मते फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार जिंकले. स्वतःचे लाखो डॉलर पुन्हा कामी आले.

पण त्याची दुसरी बाजू मोठी आहे. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर. १९५५ पासून, म्हणजे योगायोगाने ठाणेदारांच्या जन्मवर्षापासून, या शहराचा कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये होता. जवळपास सत्तर वर्षांची ती परंपरा या निकालाने तुटली. आपल्या प्रश्नावर आपला माणूस बोलतोय की दुसराच कुणी, ही खंत सीमाभागात वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ठाणेदारांचे उत्तर असे की गरिबी आपण भोगली आहे, ती कळायला रंग लागत नाही. काहींना ते पटते, काहींना नाही.

काँग्रेसमध्ये गेल्यावर त्यांची दिशा बदलत गेली. विधानसभेत असताना इस्रायलची अमेरिकन मदत थांबवा म्हणणाऱ्या ठरावाला त्यांची साथ होती. त्यामुळेच २०२२ मध्ये इस्रायल समर्थक गटाने त्यांच्या विरोधात लाखो डॉलर ओतले. निवडून आल्यावर मात्र ते इस्रायलचे ठाम पाठीराखे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका सभेवरून त्यांनी डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका या संघटनेचे सदस्यत्व जाहीरपणे सोडले. त्याच वर्षी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अमेरिकनांसाठी काँग्रेसमध्ये गट स्थापन केला, त्याचे भारतीयांत कौतुक झाले.

२०२४ ची प्रायमरी त्यांनी पुन्हा जिंकली. २८ एप्रिल २०२५ ला त्यांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे दाखल केली. सभागृहात रिपब्लिकनांचे बहुमत, त्यामुळे ठराव पडणार हे उघड होते. ही वेळ नव्हे, असे त्यांच्याच पक्षाचे नेते म्हणू लागले आणि मे महिन्यात ठाणेदारांनी मतदानाचा आग्रह सोडला. समर्थकांच्या लेखी ही हिंमत होती. टीकाकारांच्या मते प्रायमरीपूर्वीची जाहिरात.

कारण त्याच एप्रिलमध्ये मिशिगन विधानसभेतले डोनाव्हन मॅककिनी हे कृष्णवर्णीय तरुण सदस्य ऑगस्ट २०२६ च्या प्रायमरीसाठी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले होते. आव्हान उजवीकडून नाही, डावीकडून आहे. आणि २०१८ मध्ये ठाणेदार ज्यांच्यासारखी भाषा बोलत मते मागत होते, त्या बर्नी सँडर्स यांनी पाठिंबा दिला तो मॅककिनींना.