पन्हळीचा हिशेब खालून वर

कोकणातल्या घराच्या पन्हळीबद्दलची तक्रार बहुधा ठरलेली असते: पाणी काठावरून सांडते. उपायही ठरलेला, जुना पत्रा उतरवून जरा रुंद पन्हळ लावायची. पुढच्या आषाढात पाणी पुन्हा तिथूनच सांडते, आणि दोष पत्र्याला किंवा कारागिराला दिला जातो. वास्तविक पन्हळ अरुंद म्हणून भरते असे थोडेच. आलेले पाणी वेळेवर बाहेर पडत नाही म्हणून ती बहुधा भरते. म्हणून पाणी वरून खाली येत असले तरी पन्हळ बदलण्याचा विचार खालून वर करायला हवा. आधी जमिनीवर पाणी कुठे जाणार, मग उतरता पाइप, मग पन्हळीचे तोंड, मग ढाळ, आणि सगळ्यात शेवटी पत्रा की पीव्हीसी. आपण नेमकी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुकानात तेवढाच प्रश्न विचारला जातो.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जमिनीवरच्या मापाने 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद अशी छपराची एक बाजू धरली तर ती 50 चौरस मीटर होते. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली की त्या एका बाजूवरून तासाला 5,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 83 लिटर पाणी उतरते. अशी सर दहा मिनिटेच टिकली तरी पन्हळीच्या दृष्टीने खरी परीक्षा तीच. वर्षभराच्या सरासरीने काही कळत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरे, पण रिमझिम तीन दिवस चालली तर कोणतीही पन्हळ ती पेलते. हे 83 लिटर एका टोकाच्या एकाच तोंडातून काढायचे म्हटले तर सगळी लांबी पार करून सगळे पाणी तिथे गोळा होते. तेच तोंड मधोमध ठेवले की दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पाणी येते आणि त्याच मापाच्या पन्हळीवरचा भार हलका होतो. तोंडाचा व्यास साडेसातऐवजी 10 सेंटिमीटर केला तर त्याचे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक वाढते. खर्चाच्या मानाने एवढा लाभ देणारी दुसरी सुधारणा या कामात नाही.

ढाळाच्या बाबतीत डोळ्यावर विसंबू नये. 10 मीटरला तीन ते पाच सेंटिमीटर उतार पुरतो, पण तो पाण्याच्या नळीने पातळी काढून आणि दोरी ताणूनच द्यायला हवा. वाशांची टोके जुन्या घरात क्वचितच एका रेषेत असतात. पुढचा काठ मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवावा, म्हणजे तोंड तुंबले तरी पाणी अंगणात सांडेल, भिंतीत मुरणार नाही. क्लॅम्पांची काटकसर तर सर्वांत महागात पडते. 15 सेंटिमीटर रुंद, अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला जवळजवळ नऊ किलो पाणी धरते. 10 मीटरला नव्वदीच्या घरात. क्लॅम्प लांब-लांब असले की पन्हळ मध्ये झोळ खाते, झोळात पाणी साचते, पाण्यात पाला कुजतो, आणि जस्ती पत्रा तिथूनच गंजतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कापलेले काठ आणि रिबिटांची भोके आधी जातात. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाढते: 30 अंशांच्या फरकाला 10 मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर. सांध्यात तेवढी मोकळीक न ठेवता घट्ट चिकटवली की मे महिन्यात ती वाकते आणि मृगात गळते.

जुन्या घरांना पन्हळी नव्हत्याच, मग हवीत कशाला ही लोढणी, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. दोन छपरे मिळतात त्या खोबणीत पन्हळ तेव्हाही लागे. बाकी ठिकाणी लांब पुढे आलेली वळचण, उंच जोते आणि पागोळ्यांखालची चिऱ्यांची चर हे काम करत, आणि झडीच्या बाजूला झापे बांधत. पण त्या व्यवस्थेला भोवती मोकळी जागा लागे. आज वळचण आखूड झाली आहे आणि शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर आली आहे. पागोळ्या पडायच्या तरी कुठे? जिथे जागा आहे आणि वळचण रुंद आहे, तिथे मात्र पन्हळ न लावणे हाच शहाणपणा, हे कबूल करावे लागते. आंबा-फणसाखालच्या घरात पाल्याने पन्हळ तुंबते हेही खरेच. वर जाळी बसवल्याने साफसफाई टळत नाही; पाला आतऐवजी वर साचतो. रोहिणीत एकदा आणि श्रावणात एकदा शिडी लावावीच लागते, आणि ज्या घरात शिडी लावायला माणूस नाही तिथे पन्हळीपेक्षा वळचण वाढवणे बरे.

राहिला पाणी साठवण्याचा मोह. त्या 50 चौरस मीटरवर तीन हजार मिलिमीटर म्हणजे दीड लाख लिटर, हा आकडा डोळे दिपवतो. पण 10,000 लिटरची टाकी 200 मिलिमीटर पावसातच भरते, आणि उरलेल्या पाण्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. टाकी भरल्यावर वाहणारे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे की गडग्यापलीकडच्या व्हाळात, हे ठरवल्याशिवाय पाइप कुठल्या कोपऱ्यात उतरवायचा ते ठरत नाही. पाइप ठरला की तोंडाची जागा ठरते, आणि तोंडावरून ढाळ कुठल्या दिशेला द्यायचा ते. दुकानात जायची वेळ त्यानंतर येते.