जुन्या संगणकाला ‘ळ’ शिकवणारे कार्ड

जबलपूरला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘ळ’ची गंमत चांगलीच ठाऊक असते. घरातले ‘मुळे’ सरकारी कागदावर ‘मुले’ होतात, ‘गोळे’ होतात ‘गोले’! लिपी एकच, देवनागरी. पण रोजच्या हिंदी लिखाणात ‘ळ’ येत नाही. १९५६पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. पुढे राज्ये वेगळी झाली आणि ‘ळ’ घरापुरता उरला.

त्यात संगणक आला. १९८०नंतर कार्यालयांत आलेल्या आयबीएम पद्धतीच्या पीसीला तर ‘ळ’च काय, ‘क’सुद्धा कळत नव्हता. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी आणि त्यांत उमटणाऱ्या २५६ ठरावीक आकृत्या. वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांना जागा कुठली? सगळी यंत्रे बदलणे परवडणारे नव्हते आणि हाताखालचे प्रोग्रॅम टाकून देणेही शक्य नव्हते.

मार्ग निघाला तो कार्डाच्या रूपाने. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिपींवर संशोधन चालू होते. १९८३मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथला देवनागरी संगणक लोकांनी पाहिला. या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथे ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने पुढे गेले.

युक्ती साधी, पण नामी! संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्यांतले पहिले १२८ इंग्रजीला तसेच ठेवले आणि वरच्या १२८ मध्ये आपली वर्णमाला बसवली. हीच ‘इस्की’ पद्धत. भारतीय मानक संस्थेने १९९१मध्ये तिला मानक ठरवले. ‘काळे’ म्हणजे क, काना, ळ आणि मात्रा, असे चारच क्रमांक. डीबेस किंवा वर्डस्टारसारखा प्रोग्रॅम ते मुकाट्याने साठवी. आपण मराठी साठवतो आहोत याचा त्याला पत्ताही नसे. क्रमांकांची अक्षरे करून ती पडद्यावर दाखवणे हे कार्डाचे काम. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी दाबायची. वेलांटी उचलून क च्या आधी ठेवण्याचे काम कार्ड करी. क्रमांक वर्णमालेच्या ओळीने असल्यामुळे नावांची यादीही अ, आ, इ अशी आपोआप लागे.

मात्र जुन्या संगणकात असे कार्ड बसवणे म्हणजे संयमाची परीक्षाच. वीज बंद करायची, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मग कार्ड खाचेत सरळ दाबून स्क्रूने आवळायचे. तरी पडदा काळाच राहिला, तर बहुधा दोन कार्डे एकाच पत्त्यावर हक्क सांगत असत. त्या काळी हा पत्ता संगणक स्वतः ठरवत नसे. कार्डावरच्या बारीक पिना जोडून तो माणसाने बदलायचा. एका वेळी एकच बदल करायचा, तो कागदावर टिपून ठेवायचा आणि पुन्हा सुरू करून पाहायचे, हाच खात्रीचा उपाय.

पुढे विंडोज आले, त्या खाचा गेल्या, कार्डेही अडगळीत पडली. त्यामागचा विचार मात्र टिकला. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली. हातातल्या मोबाइलमध्ये ‘ल’च्या शेजारी ‘ळ’ला हक्काचा क्रमांक आहे, तो त्यामुळेच.

तेव्हा जबलपूरच्या मुळ्यांचे आज कागदावर ‘मुले’ झाले, तर दोष यंत्राचा नाही. ‘ळ’ आत आहे. तेवढी कळ मात्र माणसानेच दाबायला हवी!