आवडीची पदवी आणि कर्जाचा हप्ता

बारावीचा निकाल लागला की हल्ली अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला एकाच विषयात अडकायचं नाही." मुलीला मानसशास्त्र हवं असतं, सोबत डेटा सायन्स आणि जमलं तर सिनेमाचा अभ्यासही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा आंतरविद्याशाखीय पदव्या बऱ्याच ठिकाणी सुरू झाल्या आहेत. तिची आवड चुकीची नाही. पण माहितीपत्रकातला हिरवागार कॅम्पस पाहून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसा. मुलीलाही सोबत बसवा, कारण हप्ता पुढे तिलाच भरायचा आहे.

समजा, खासगी विद्यापीठाचा खर्च वसतिगृहासकट वर्षाला ५ लाख आहे. ४ वर्षांचे झाले २० लाख. व्याजदर १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं १ वर्ष बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत. याला सवलतीचा काळ म्हणतात. इथेच अनेकांची गफलत होते. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या ५ लाखांवर ५ वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ४ वर्षं, याप्रमाणे सरळव्याजानेसुद्धा ७ लाख होतात. म्हणजे परतफेड सुरू होते ती २७ लाखांवर. १० वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता जवळपास ३५,७०० रुपये आणि एकूण भरणा सुमारे ४३ लाख.

आता पहिल्या नोकरीत हातात ३५ हजार पडले तर? पगार आला तसा बँकेत गेला. घरभाडं, डबा, बसचा पास कशातून काढायचा? माझ्या मते हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाव हिश्श्यापलीकडे जाऊ नये. ३५ हजारांचा पाव हिस्सा म्हणजे पावणेनऊ हजार. याच दराने १० वर्षांसाठी १० लाखांचा हप्ता सुमारे १३,२०० होतो, तेव्हा एवढ्या पगाराला साडेसहा लाखांच्या आसपासचंच कर्ज पेलतं, तेही चढलेलं व्याज धरून.

बाबांचं वयही मोजा

शैक्षणिक कर्जात आई किंवा बाबा सहकर्जदार असतात. मुलगी १८ ची, बाबा ५० चे. हप्ते सुरू होतील तेव्हा बाबा ५५ चे आणि कर्ज फिटेल तेव्हा ६५ चे. निवृत्तीनंतरही हप्ता शिल्लकच. तिने चुकवला तर बँक बाबांना फोन करते, दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो. हे बोलायला अवघड वाटतं, पण आधीच बोललेलं बरं.

आणखी एक गोष्ट विद्यापीठात कुणी आपणहून सांगत नाही. या पदवीनंतर बरेच जण पदव्युत्तर शिक्षणाकडे वळतात. मानसशास्त्रात समुपदेशक व्हायचं तर ते लागतंच. मग दुसरं कर्ज कुठून आणणार? म्हणून प्रवेशाच्या वेळी सरासरी पगार विचारू नका. दोन-चार जणांच्या घसघशीत पगाराने सरासरी फुगते. मधला पगार किती, नोकरीसाठी नाव किती जणांनी नोंदवलं आणि त्यातल्या किती जणांना मिळाली, हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

ओझं कमी कसं होईल

शक्य असेल तर शिकतानाच व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना सुमारे ४,२०० पडतं, पुढे वाढत जातं. पण परतफेड २७ ऐवजी २० लाखांवर सुरू होते. काही बँका अशा वेळी व्याजदरात सवलतही देतात. ४ वर्षांच्या अभ्यासक्रमातून ३ वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का, तेही विचारा. चौथं वर्ष संशोधनासाठी हवं असेल तरच त्याचा खर्च सार्थकी लागतो.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते. मात्र त्यात सरकारी संस्थांतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्राधान्य आहे, हे ध्यानात ठेवा. व्याजावरची करसवलत हवी असेल तर जुनी करप्रणाली निवडावी लागते.

आणि सरकारी पर्याय आधी चाळा. दिल्ली विद्यापीठाच्या क्लस्टर इनोव्हेशन सेंटरसारख्या ठिकाणी असं मिश्र शिक्षण खासगी विद्यापीठाच्या तुलनेत कितीतरी कमी फीत मिळतं. तिथे जागा कमी, चुरस मोठी. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की बेळगावला, आपल्या शहरातल्या जुन्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बाजूला सांख्यिकी शिकता येते का, ही चौकशी तर या आठवड्यातच होईल. एका फेरीचं काम आहे, मुलीलाच पाठवा.