तुतारी कानात, पिपाणी यंत्रावर

2024 च्या लोकसभा निकालात साताऱ्याचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. भाजपचे उदयनराजे भोसले 32,771 मतांनी निवडून आले. शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे हरले. आणि एका अपक्षाला पडली 37,062 मतं. त्याचं चिन्ह होतं ट्रम्पेट, म्हणजे जत्रेत आपण पोरांना घेऊन देतो तसली पिपाणी.

शरद पवारांच्या पक्षाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह 24 फेब्रुवारीला रायगडावर वाजतगाजत लोकांपुढे आणलं. पुढचे दोन-अडीच महिने वाहिन्या, रील, स्टेटस, सगळीकडे तुतारीच. पण घरोघरी पोचला तो शब्द आणि आवाज. मतदान यंत्रावर आवाज नसतो, तिथे काळ्या शाईतलं बोटभर चित्र असतं. त्यात ट्रम्पेटचंही मराठी नाव ‘तुतारी’च दिल्याची तक्रार त्याच निवडणुकीत बारामतीतून झाली होती. अपक्षाची सगळी मतं चुकून पडली, असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. पण बरीचशी चुकून पडली असावीत, असं मला वाटतं. लोकांना निवडणुकीची गोडी नव्हती असं नव्हे. गोडी होती, ओळख पटली नाही.

याच साताऱ्याने 2019 मध्ये उलटा अनुभव घेतला होता. त्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाहून जास्त मतांनी जिंकले, सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले, पोटनिवडणूक लागली. 18 ऑक्टोबरच्या सभेत पाऊस कोसळला आणि ऐंशीकडे झुकलेले पवार भिजत बोलत राहिले. प्रचाराला उरला होता एक दिवस. बाकीचं काम फोनने केलं. राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील 87 हजारांहून जास्त मतांनी जिंकले. ‘पावसाने निवडणूक फिरवली’ हे वाक्य आम्हा लिहिणाऱ्यांना फार सोयीचं. खरं तर पक्षांतराचा राग आधीपासून खदखदत होता, पाटलांचं नाव कराड भागात जुनं होतं. भिजणाऱ्या पवारांच्या फोटोने त्या रागाला चेहरा दिला, एवढंच.

सांगलीचं गणित आणखी वेगळं. 2024 ला महाविकास आघाडीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली, उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीनंतर. माघारीची मुदत 22 एप्रिलला संपली, मतदान 7 मेला. त्यांना लिफाफा मिळाला. 2019 ला त्यांच्याच हाती बॅट होती! तरी जेमतेम दोन आठवड्यांत लिफाफा मिरजेपासून जतपर्यंत पोचला आणि ते लाखावर मतांनी निवडून आले. फोन साताऱ्यातही होते आणि सांगलीतही. पण लिफाफा हे सहज ओळखू येणारं चित्र, आणि दादांच्या घराची ओळख करून द्यायला रील लागत नव्हती.

जुन्या लोकांना तुतारी-पिपाणीचा हा घोटाळा झेपणारच नाही. 1957 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा प्रचार डफावर चाले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं कलापथक त्यात पुढे. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. ऐकायचं डफावर, बघायचं पेटीवर.

आता बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण तोवर मत गेलेलं असतं. उमेदवारांची नावं आणि चिन्हं असलेली यादी मात्र केंद्राबाहेर लावलेली असते. पुढच्या वेळी फोन बाजूला ठेवा, घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्या यादीपाशी न्या आणि त्यांचं चिन्ह त्यांना बोटाने दाखवायला सांगा.