इलेक्ट्रॉनीय स्वाक्षरी व व्यक्तीची ओळख

इलेक्ट्रॉनीय स्वाक्षरी : संगणकीय लेखास जोडलेली आणि तो लेख विशिष्ट व्यक्तीस मान्य आहे असे दर्शविणारी माहिती. टंकलिखित नाव, हस्ताक्षराची प्रतिमा, भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा परवलीचा अंक आणि गणिती किल्ल्यांवर आधारलेली अंकीय (डिजिटल) स्वाक्षरी हे सर्व प्रकार व्यवहारात याच नावाने ओळखले जातात. तथापि त्यांची विश्वसनीयता सारखी नसते. हस्ताक्षराची प्रतिमा कोणालाही उचलून दुसऱ्या लेखावर चिकटविता येते. अंकीय स्वाक्षरी मात्र प्रत्येक लेखागणिक वेगळी असते.

पूर्वपीठिका : लेख खरा आहे काय व तो कोणाचा, हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. मराठेशाहीतील राजपत्रांवर प्रारंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उमटविण्याची रीत होती. शिक्क्यावरून पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळे. मोर्तबामुळे मजकुराची सीमा ठरून पुढे भर घालण्यास वाव राहत नसे. कुणबी ‘निशाणी नांगर’ करीत. नांगराच्या चित्रावरून व्यक्ती ओळखणे शक्य नव्हते. ती ओळख साक्ष घालणाऱ्या गावकऱ्यांकडून पटे. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने बंगालमध्ये करारावर हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. त्यामुळे खुणेची सांगड शरीराशी बसली. अंकीय स्वाक्षरीत ही सांगड पुन्हा सुटते, कारण तिचा संबंध एका गुप्त संख्येशी असतो.

कार्यपद्धती : सार्वजनिक किल्लीची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली, रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये तिला व्यवहार्य गणिती रूप दिले. धारकाजवळ परस्परसंबद्ध अशा दोन किल्ल्या असतात. लेखाचा ठराविक लांबीचा गणिती सारांश काढून त्यावर खाजगी किल्लीने प्रक्रिया केली की स्वाक्षरी तयार होते; सार्वजनिक किल्लीने ती कोणासही पडताळता येते. लेखातील एक अक्षर बदलले तरी सारांश बदलतो व पडताळणी फसते. सार्वजनिक किल्ली कोणाची, हे परवानाधारक प्रमाणन प्राधिकारी अर्जदाराची ओळख तपासून प्रमाणपत्राद्वारे सांगतो.

कायदेशीर स्थान : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. त्यात प्रथम केवळ अंकीय स्वाक्षरीस मान्यता होती. २००८ च्या सुधारणेने ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संज्ञा आणली. विश्वसनीयतेसाठी स्वाक्षरीची साधनसामग्री केवळ स्वाक्षरीकर्त्याशीच निगडित असावी, स्वाक्षरीच्या क्षणी ती त्याच्याच ताब्यात असावी आणि स्वाक्षरीत वा मजकुरात नंतर झालेला बदल उघड व्हावा, अशा अटी आहेत. आधारवर आधारित ई-स्वाक्षरीस २०१५ मध्ये मान्यता मिळाली. मृत्युपत्र अद्याप या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी धारकानेच केली, असे न्यायालय विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. म्हणजेच आपण सही केली नाही, हे दाखविण्याचा भार धारकावर येतो.

मर्यादा : गणिताने सिद्ध होते ते एवढेच, की अमुक किल्ली वापरली गेली. ती कोणाच्या हाताने वापरली, हे गणित सांगत नाही. किल्ली साठविणारे लहान उपकरण व त्याचा परवलीचा अंक कर सल्लागाराच्या खणात पडून असतो, अशी उदाहरणे सर्रास आढळतात. वृद्धाचा भ्रमणध्वनी मुलाच्या हाती असेल, तर परवलीचा अंक मुलाजवळ पोहोचतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र अनेकदा स्वीकारत नाही. मग अशा व्यक्तीला परवलीच्या अंकावर व पर्यायाने दुसऱ्यावर विसंबावे लागते. प्राधिकाऱ्याची तपासणी चुकली, तर तोतया व्यक्तीसही निर्दोष प्रमाणपत्र मिळते. नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या संस्थेच्या संगणकांत २०११ मध्ये शिरकाव होऊन खोटी प्रमाणपत्रे निघाली व तिच्यावरील विश्वास संपुष्टात आला. किल्ली चोरीस गेल्यास धारकाने विनाविलंब प्राधिकाऱ्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भूमिअभिलेखातील उदाहरण : महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतच्या सावेडीसारख्या गावाचे उपनगर झाले, की शेतजमिनीचे भूखंड पडतात, किंमती चढतात आणि तोतयेगिरीचा मोह वाढतो. अशा ठिकाणी उताऱ्यावरील स्वाक्षरीचा अर्थ नेमका समजून घेणे अगत्याचे ठरते. ती स्वाक्षरी तलाठ्याची असते, जमीनधारकाची नव्हे. उतारा अधिकृत अभिलेखातून निघाला व त्यात फेरफार झालेला नाही, एवढे तिच्यावरून कळते. उतारा घेऊन समोर बसलेली व्यक्ती तीच धारक आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय अधिकार अभिलेखातील नोंदही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. कागदावर छापलेली बरोबरची खूण हे तर निव्वळ चित्र होय; उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर तपासल्याखेरीज तिला किंमत नाही.

यामुळेच खरेदीखताच्या नोंदणीत आजही पक्षकारांची छायाचित्रे व बोटांचे ठसे घेतले जातात. लेख अबाधित राहिला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर इलेक्ट्रॉनीय स्वाक्षरी शाईच्या सहीपेक्षा पुष्कळच खात्रीने देते. व्यक्ती तीच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रारंभीची तपासणी व किल्लीचा ताबा यांवर अवलंबून राहते. ‘निशाणी नांगर’च्या काळी जे काम गावचे साक्षीदार करीत, ते या व्यवस्थेत प्रमाणन प्राधिकारी व स्वतः धारक यांच्याकडे आले आहे.